रांजणातला जव आणि बोरूची नळी: प्राचीन आर्मेनियन बियर घरी करण्याची पद्धत

इसवी सनापूर्वी ४०१-४०० च्या हिवाळ्यात, एका इराणी राजपुत्राच्या फसलेल्या बंडातून परत निघालेले सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक युफ्रेटिसच्या उगमाजवळून पुढे सरकत आर्मेनियाच्या पठारावर पोहोचले. बर्फ पुरुषभर साचला होता, कित्येकांच्या पायाची बोटे गळून पडली होती आणि भुकेने माणसे चालता चालता कोसळत होती. अशा अवस्थेत त्यांना काही गावे लागली. घरे जमिनीखाली होती, वरचे तोंड विहिरीसारखे अरुंद आणि आत ऐसपैस जागा. माणसे शिडीने उतरत, जनावरांसाठी मात्र उतार खणलेला असे. आत शेळ्या, मेंढ्या, गाई, कोंबड्या आपापल्या पिलांसह राहत. गहू होता, जव होता, कडधान्ये होती, आणि मोठ्या पसरट भांड्यांमध्ये जवाची दारू होती.

या सैन्याचा एक सेनानी झेनोफॉन याने ‘ॲनाबॅसिस’ या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात त्या दारूचे वर्णन मोजक्या चार-पाच वाक्यांत केले आहे. जवाचे दाणे भांड्याच्या काठाबरोबर तरंगत होते. भांड्यात लहान-मोठ्या, पेरे नसलेल्या बोरूच्या नळ्या ठेवलेल्या होत्या. तहान लागली की नळी तोंडात धरून ओढायचे. वरून पाणी ओतले नाही तर पेय फार कडक लागे. आणि एकदा सवय झाली की ते अतिशय गोड वाटे, म्हणजे मनाला गोड वाटे. बियरच्या इतिहासावरील लेखांत हा उतारा एक गंमत म्हणून येतो आणि लेखक पुढे जातो. माझे म्हणणे असे आहे की ही गंमत नसून जवळजवळ पूर्ण कृती आहे. त्यातले प्रत्येक वाक्य काय करायचे आणि काय करायचे नाही हे सांगते. गेल्या काही वर्षांत ही कृती मी सहा-सात वेळा करून पाहिली. तिच्यातले जे हाताला आले, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

आजच्या आर्मेनियन भाषेत बियरला ‘गारेजुर’ म्हणतात. ‘गारी’ म्हणजे जव आणि ‘जुर’ म्हणजे पाणी. आपल्याकडे आजारी माणसाला देतात त्या जवाच्या पाण्याचीच आठवण व्हावी असा हा साधा शब्द आहे. मात्र येरेवानच्या दुकानात गारेजुर मागितले तर मिळेल ती लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली पारदर्शक, सोनेरी, बाटलीबंद बियर: आबोव्यान शहरात १९७४ साली सुरू झालेल्या कारखान्याची ‘कोटाय्क’, येरेवानची ‘किलिकिया’ किंवा ‘ग्युम्री’. येरेवानमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या ‘दारगेट’सारख्या लहान मद्यशाळेत एल या दुसऱ्या प्रकारच्या, निरनिराळ्या शैलींच्या बियरही मिळतात. ही सगळी बियर चांगली आहे, परंतु तिची पद्धत युरोपातून आलेली आहे. आपण जी करणार आहोत ती गढूळ, बिनगाळलेली, हॉपचा, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, स्पर्श नसलेली आणि दाण्यांसकट वाढायची बियर आहे.

सुरुवातीलाच कायद्याविषयी सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात, १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार, परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते एक लिटर असो की स्वतःपुरते असो. त्यामुळे हा लेख प्रामुख्याने परदेशातील अशा वाचकांसाठी आहे, जिथे घरगुती बियर करण्यास मुभा आहे. मी राहतो त्या अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बियर करता येते. विकता येत नाही. इतर देशांतील वाचकांनी आपापले नियम आधी पाहावेत. भारतातील वाचकांनी हे वर्णन केवळ माहितीसाठी वाचावे.

जव कोणता घ्यावा

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. आम्ही लॉस एंजेलिसजवळ ग्लेनडेलमध्ये राहतो. इथे आर्मेनियन वस्ती मोठी आहे, पण मी मात्र सवयीने भारतीय वाणसामानाच्या दुकानातून जव आणले, रात्रभर भिजत घातले, फडक्यात बांधले आणि मटकीला येतात तसे मोड येण्याची वाट पाहत बसलो. तिसऱ्या दिवशी फडके सोडले तेव्हा आंबूस वासाचा चिकट गोळा हाती आला. दोष दुकानाचा नव्हता. तो पांढरा, गुळगुळीत जव सडलेला, म्हणजे साल आणि त्याबरोबर अंकुराचा बराचसा भाग घासून काढलेला होता. अशा दाण्याला मोड येणे शक्यच नसते.

आपल्याला हवा तो सालीसकट, अखंड, उगवणक्षम जव. पेरणीचे बियाणे घेऊ नये, कारण त्यावर बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. पशुखाद्याच्या दुकानातला अखंड जव चालतो, मात्र आधी शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून तीन दिवस ठेवावेत आणि त्यांपैकी पंचाण्णव तरी उगवतात का ते पाहावे. नव्वदच्या खाली आकडा गेला तर तो जव भाकरीला किंवा कोंबड्यांना द्यावा. न उगवलेले दाणे नुसते वाया जात नाहीत, तर पुढच्या चार दिवसांत त्यांच्यावरच पहिली बुरशी धरते.

सालीचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. झेनोफॉनने पाहिलेले तरंगणारे दाणे म्हणजे प्रामुख्याने भरडलेल्या दाण्यांची साल आणि कोंडा. आंबताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे हलक्या सालीला चिकटतात आणि तिला वर उचलून धरतात. साल नसेल तर वर थर येत नाही, आणि थर नसेल तर नळीचीही गरज राहत नाही.

मोड आणणे

ज्यांनी घरी नाचणीचे सत्त्व केले आहे, त्यांना या कामाची निम्मी ओळख आधीच आहे. तरीही जवाचे काही वेगळे हट्ट आहेत. या टप्प्यावर घाई केली तर पुढे ती कुठेच भरून निघत नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहितो.

तीन किलो जव घ्यावा, दोन-तीन पाण्यांतून धुवावा आणि वर तरंगणारा पोचट दाणा व कचरा काढून टाकावा. मग थंड पाण्यात आठ तास भिजवावा, पाणी पूर्ण निथळून आठ तास चाळणीत उघडा ठेवावा, पुन्हा ताज्या पाण्यात आठ तास, पुन्हा आठ तास हवेत आणि शेवटी पाच-सहा तास पाण्यात. मधला कोरडा वेळ महत्त्वाचा आहे, कारण दाणा जिवंत असतो आणि त्याला श्वास घ्यावा लागतो. सलग चाळीस तास पाण्यात बुडवून ठेवला तर तो गुदमरून मरतो. भिजणे पुरे झाले की नाही हे ओळखण्याची खात्रीची पद्धत म्हणजे वजन. तीन किलो कोरडा जव निथळल्यावर सुमारे ४.७ किलो भरला, म्हणजे त्यात चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास ओलावा आला, तर तो तयार आहे. काटा नसेल तर दाणा दोन बोटांत उभा धरून दाबावा. टोके टोचायची थांबली पाहिजेत.

मग हा जव मोठ्या परातीत किंवा स्वच्छ फरशीवर पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा पसरावा. जागा थंड, १४ ते १८ अंश सेल्सिअसची आणि अंधारी असावी. उगवणारे धान्य स्वतः उष्णता निर्माण करते. ढीग उंच केला तर आतले तापमान काही तासांतच पंचविशीपलीकडे जाते आणि बुरशीला आमंत्रण मिळते. दिवसातून तीन वेळा हाताने वर-खाली करावे, मुळ्यांचे गुंते सोडवावेत आणि पृष्ठभाग सुकलेला वाटला तर पाण्याचा हबका मारावा. सगळे ठीक चालले असेल तर दुसऱ्या दिवसापासून ढिगाला कापलेल्या काकडीसारखा ताजा वास येतो. हा वास आला की मी निश्चिंत होतो. ओलसर पोत्याचा वास आला तर जाडी कमी करून ढीग जास्त वेळा हलवतो.

मला वाटते, त्या भूमिगत घरांचा उपयोग इथे झाला असावा. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना जमिनीखालचे तापमान फारसे हलत नाही, आणि मोड आणण्यासाठी अशी स्थिर, थंड, अंधारी जागा मिळणे ही अर्धी लढाई असते. आर्मेनियाच्या खेड्यांतली ‘ग्लखातुन’ ही पारंपरिक घरेही बरीचशी जमिनीत रुतलेली असत आणि त्यांच्या लाकडी, पायऱ्यापायऱ्यांच्या छताला वर एकच धुराडे असे. कॅलिफोर्नियात मला हे सुख नाही, म्हणून मी मोड आणण्याचे काम डिसेंबर-जानेवारीत आणि गॅरेजच्या फरशीवर करतो.

मोड कधी थांबवायचा, यात बहुतेकांची गफलत होते. मटकीला बाहेर येतो तो मोड आपल्याला दिसतो. जवात बाहेर दिसतात त्या केवळ मुळ्या. खरा अंकुर सालीखाली, दाण्याच्या पाठीवरून, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरकत असतो. म्हणून रोज चार-पाच दाणे घेऊन नखाने पाठीवरची साल सोलून पाहावी. अंकुराची लांबी दाण्याच्या तीन-चतुर्थांश झाली, आणि दाणा चिमटीत चोळल्यावर आतला भाग खडूसारखा पिठूळ निघाला, की त्याच क्षणी थांबावे. साधारण चार ते पाच दिवस लागतात. अंकुर सालीबाहेर डोकावला तर आपल्या साखरेवर रोपटे पोसले गेले असे समजावे.

वाळवणी हळूहळू व्हावी. स्टार्चची साखर करणारी जी विकरे आपण इतक्या कष्टाने दाण्यात जागी केली, ती ओल्या अवस्थेत उष्णता सोसत नाहीत, कोरड्या अवस्थेत मात्र बरीच सोसतात. आधी एक दिवस पंख्याखाली, मग ओव्हनचे दार किंचित उघडे ठेवून ५० अंशांवर दहा-बारा तास, आणि दाणा दातांखाली कटकन तुटू लागल्यावर ८० अंशांवर तीन-चार तास. शेवटी गरम असतानाच दोन्ही तळव्यांत चोळून मुळ्या झाडाव्यात आणि सुपात पाखडून घ्याव्यात. मुळ्या तशाच राहिल्या तर कडवट चव उतरते. तीन किलो जवाचा सुमारे २.४ किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, मिळतो. तो हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे मुरू द्यावा. हा सगळा खटाटोप नको असेल त्यांनी होमब्रूच्या दुकानातून २.४ किलो फिका माल्ट आणावा आणि पुढचे वाचावे. त्यात कमीपणा काही नाही.

भरड आणि गरम पाणी

माल्टचे पीठ करायचे नाही, भरड करायची आहे. प्रत्येक दाण्याचे तीन-चार तुकडे व्हावेत आणि साल शक्यतो अखंड राहावी. मिक्सर यासाठी निरुपयोगी आहे. घरात जाते असेल तर वरचा दगड थोडा उचलून भरडावे. नसेल तर जाड पिशवीत थोडे थोडे घालून लाटण्याने रगडावे. मी हेच करतो, आणि अडीच किलोला दीड तास जातो.

आता या भरडीतल्या स्टार्चची साखर करायची. त्यासाठी भरड आणि पाणी यांचे मिश्रण ६५ ते ६८ अंशांवर तासभर राहिले पाहिजे. तापमापकाशिवाय हे कसे साधत असतील, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता, पण त्याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. दोन भाग उकळते पाणी आणि एक भाग २० अंशांचे गार पाणी एकत्र केले की मिश्रण सुमारे ७३ अंशांवर येते, आणि त्यात पाण्याच्या एक-तृतीयांश वजनाची भरड घातली की तापमान ६७ च्या जवळ स्थिरावते. म्हणजे २.४ किलो माल्टसाठी ४.८ लिटर उकळते आणि २.४ लिटर गार पाणी. समुद्रसपाटीवर हे गणित चोख बसते. आर्मेनियाच्या पठारावर, दीड-दोन हजार मीटर उंचीवर, पाणी ९४-९५ अंशांनाच उकळते आणि झऱ्याचे पाणीही थंडगार असते, त्यामुळे तिथे याच प्रमाणाने मिश्रण साठीच्या आसपास येईल. तेवढ्यावरही साखर होते, फक्त वेळ जास्त लागतो. उंचीवर राहणाऱ्या वाचकांनी गार पाण्याचा भाग थोडा कमी करावा.

जाड बुडाच्या पातेल्यात हे पाणी घेऊन भरड सावकाश, गुठळ्या मोडत घालावी, झाकण ठेवावे आणि पातेले दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवावे. सुरुवातीला मिश्रण गुरांच्या आंबोणासारखे दाट आणि पांढुरके दिसते. वीस मिनिटांनी गोधडी उघडून पळी फिरवली की ते अचानक सैल झालेले जाणवते, रंग मधाकडे झुकतो, आणि पळीला लागलेला थेंब चाखला तर स्पष्ट गोड लागतो. मघापर्यंत ज्या पाण्याला पिठाची चव होती, ते साखर न घालता गोड होते! सत्तर-ऐंशी मिनिटांनी पांढऱ्या बशीत एक थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकावे. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, अजून अर्धा तास द्यावा. आयोडीनचा रंग तपकिरीच राहिला तर काम झाले. चाचणीचा थेंब फेकून द्यावा.

नेहमीच्या बियरमध्ये या टप्प्यावर गोड पाणी गाळून घेतात, चोथा बाजूला काढतात आणि पाणी हॉपसह तासभर उकळतात. आपण गाळायचे नाही आणि उकळायचेही नाही, कारण साल पाण्यात ठेवून उकळली तर तिचा तुरटपणा उतरतो. त्याऐवजी पातेले मंद आचेवर ठेवून, तळ लागू नये म्हणून सतत ढवळत, तापमान ७५ अंशांपर्यंत न्यावे आणि पंधरा मिनिटे तिथेच धरावे. धान्याबरोबर आलेले आंबटपणाचे बहुतेक जिवाणू एवढ्याने मरतात. ही पायरी प्राचीन नाही, ती मी माझ्या पोटाची काळजी म्हणून घातली आहे.

हॉपबद्दलही इथेच सांगतो. हॉपला आर्मेनियन भाषेत ‘गायलुक’ म्हणतात; ‘गायल’ म्हणजे लांडगा, आणि गायलुक म्हणजे लांडग्याचे पिल्लू. वनस्पतिशास्त्रातील ‘लुपुलस’ या लॅटिन नावाचा अर्थही तोच. शब्द इतका सुंदर आहे की हॉप घालण्याचा मोह होतो, परंतु झेनोफॉनच्या उताऱ्यात कसलीही कडवट वनस्पती नाही, आणि हॉपशिवाय ही बियर खऱ्या अर्थाने जवाची लागते. हॉप नसल्यामुळे ती टिकत मात्र नाही.

आंबवणे

मिश्रण २० अंशांपर्यंत गार होण्यासाठी पातेले बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून अधूनमधून ढवळावे. दाट असल्यामुळे याला तासभर सहज लागतो. मग सगळे, चोथ्यासकट, रुंद तोंडाच्या भांड्यात ओतावे. आपले मिश्रण नऊ लिटरच्या आसपास भरते, म्हणून भांडे चौदा-पंधरा लिटरचे हवे, नाहीतर दुसऱ्या रात्री वर आलेला कोंडा झाकण ढकलून फरशीवर येतो. अन्नासाठी चालणारी प्लास्टिकची बादली हे सर्वांत निर्धोक भांडे होय.

आर्मेनियात यासाठी ‘कारास’ असे. आपला रांजणच तो. येरेवानच्या वेशीवरील कारमिर ब्लुर येथे, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील उरार्तू राज्याच्या किल्ल्यात, जमिनीत अर्धवट पुरलेल्या अशा रांजणांच्या रांगाच्या रांगा बोरिस प्योत्रोव्स्की यांच्या उत्खननात सापडल्या. ते वाइनचे होते, आणि त्यांच्यावर मापे कोरलेली होती. मातीचा रांजण दिसायला देखणा असतो, पण बिनझिलईचा असेल तर धुणे कठीण, आणि जुन्या झिलईत शिसे असण्याचा धोका असतो. ज्यांना हौस आहे त्यांनी आंबवणे बादलीत करावे आणि वाढण्यापुरते मातीचे भांडे काढावे.

एल यीस्टचे अकरा ग्रॅमचे एक पाकीट वर भुरभुरावे आणि तासाभराने ढवळावे. लवाश या पातळ रोटीसाठी राखलेल्या आंबट पिठाला आर्मेनियन लोक ‘त्थ्खमोर’ म्हणतात. अशा विरजणपिठाचे दोन मोठे चमचे घालूनही बियर आंबते, फक्त ताकाच्या अंगाने जाणारा आंबटपणा येतो. माझ्या मते पहिल्या खेपेस पाकिटातले यीस्ट वापरावे, आणि हात बसल्यावर निम्मे मिश्रण विरजणपिठाने आंबवून फरक चाखावा.

भांड्यावर स्वच्छ फडके बांधावे किंवा झाकण सैल ठेवावे. घट्ट बंद भांडे फुटते, ही अतिशयोक्ती नव्हे. तापमान १८ ते २० अंश असावे. बारा तासांत बुडबुडे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी कोंड्याचा जाड थर वर येऊन फुगतो. हा थर दिवसातून दोनदा, गरम पाण्यातून काढलेल्या पळीने खाली दाबावा. थर उघडा आणि कोरडा राहिला तर त्यावर बुरशी किंवा शिरका धरतो. हिरवा, काळा किंवा लोकरीसारखा ठिपका दिसला तर चमच्याने काढून पुढे जाऊ नये, सगळे फेकून द्यावे. पांढरा फेस आणि तपकिरी, चिकट यीस्टचे डाग नेहमीचेच असतात.

पाचव्या-सहाव्या दिवशी फसफस मंदावते. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर असेल तर दोन दिवस आकडा एकच राहिला म्हणजे आंबणे संपले. या प्रमाणात पाणी ठेवले तर मद्यार्क सात-आठ टक्क्यांच्या घरात जातो. ‘कडक’ हे झेनोफॉनचे विशेषण इथे हिशेबाने सिद्ध होते.

नळ्या, पाणी आणि पिण्याची रीत

नळीशिवाय ही बियर पिऊन पाहिली तर तोंडात कुसळे आणि मिशांत कोंडा येतो. नळी ही या पेयाची गाळणी आहे, आणि तिची परंपरा कॉकेशसच्या परिसरात फार जुनी आहे. उत्तर कॉकेशसमधील मायकोप येथे १८९७ साली एका दफन टेकाडात सोन्या-चांदीच्या आठ नळ्या सापडल्या, प्रत्येकी मीटरभराहून लांब. शंभरएक वर्षे त्यांना राजदंड किंवा छत्रीचे खांब समजले जात होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका नळीच्या टोकाच्या गाळणीत जवाच्या स्टार्चचे कण मिळाल्याच्या आधारे, त्या बियर पिण्याच्या नळ्या असाव्यात असे मांडले गेले. त्या साडेपाच हजार वर्षांच्या जवळपास जुन्या आहेत.

आपल्याला सोने लागत नाही. बोरू किंवा बारीक बांबूचे ४० ते ६० सेंटिमीटर लांबीचे तुकडे घ्यावेत. मधली पेरे तापवलेल्या सळीने आरपार मोकळी करावीत, कारण झेनोफॉनने पेरे नसलेल्या नळ्या असे मुद्दाम म्हटले आहे आणि अडलेल्या नळीतून काहीच येत नाही. नळ्या दहा मिनिटे उकळून वाळवाव्यात आणि खालच्या टोकाला मलमलीचा दुहेरी तुकडा दोऱ्याने बांधावा. दक्षिण अमेरिकेतील माते पिण्यासाठी मिळणारी जाळीची स्टील नळीही उत्तम चालते.

आता पाण्याविषयी, कारण माझ्या दृष्टीने सगळ्या उताऱ्यातला सर्वांत उपयोगी शब्द तिथे आहे. पाणी ‘वरून ओतणे’ असे ग्रीक मजकुरात आहे. आपल्या २.४ किलो भरडीने जवळजवळ तेवढेच लिटर पेय स्वतःत धरून ठेवलेले असते, आणि ते नळीने ओढून निघत नाही. वरून पाणी ओतल्यावर कडकपणा तर कमी होतोच, शिवाय दाण्यात अडकलेले पेयही धुऊन निघते. सिक्कीम आणि पूर्व नेपाळमध्ये कोदोची, म्हणजे नाचणीची, ‘तोंगबा’ प्यायली असेल त्यांना हे लगेच कळेल: आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतायचे, पाच मिनिटे थांबायचे, बांबूच्या नळीने ओढायचे, संपले की पुन्हा पाणी ओतायचे. आर्मेनियन भांड्यात दाणे आधीच द्रवात आहेत, परंतु तत्त्व तेच. म्हणून मी सुरुवातीला पाणी घालत नाही. पहिली फेरी कडक आणि थोडी-थोडी. भांड्यातली पातळी चार बोटे उतरली की काठापर्यंत थंड पिण्याचे पाणी ओतायचे आणि हलक्या हाताने ढवळून दहा मिनिटे थांबायचे. तिसऱ्या पाण्याला पेय हलके, किंचित आंबूस आणि उन्हाळ्यात फार सुखद लागते.

भांडे पसरट आणि मध्यम खोलीचे असावे, पेय १० ते १२ अंशांवर असावे. नळी तळाला टेकवायची नाही. तिथे यीस्ट आणि पिठाचा गाळ असतो. वर कोंडा, खाली गाळ, आणि मधल्या पट्ट्यात बऱ्यापैकी निवळ पेय. नळी तिरकी धरून तिचे टोक त्या पट्ट्यात ठेवावे आणि सावकाश ओढावे. लहान-मोठ्या नळ्या का, याचेही उत्तर मला इथेच सापडले असे वाटते: जवळ बसलेल्याला आखूड आणि दुसऱ्या रांगेतल्याला लांब.

झेनोफॉनने गावच्या मुखियाबरोबर अशी मेजवानी घेतली. टेबलावर कोकरू, करडू, डुक्कर, वासरू, कोंबडी आणि गव्हा-जवाच्या रोट्या एकाच वेळी मांडलेल्या असत. कुणाच्या नावाने पेय घ्यायचे झाले की घेणारा त्याला ओढतच भांड्यापाशी नेई, आणि मग त्या पाहुण्याला वाकून, बैलासारखे भुरके मारत प्यावे लागे. आज आर्मेनियन टेबलावर त्याच जागी ‘केनात्स्द’ म्हणतात, म्हणजे ‘तुझ्या आयुष्यासाठी’. सोबत लवाश, दोऱ्यांसारखे सुटणारे खारट चेचिल चीज आणि बास्तुर्मा हे वाळवलेले मसालेदार मांस ठेवावे. चेचिल आणि बियर ही तिथली ठरलेली जोडी आहे. आपल्याकडे भाजलेल्या शेंगदाण्यांचे काम तिथे चेचिल करते.

हॉप नसल्याने ही बियर फ्रिजमध्येही आठवड्याच्या आत संपवावी, आणि उत्तम चव पहिल्या तीन दिवसांतच असते. बाटलीत भरून मित्रांना पाठवण्याचा विचार करू नये, ती बाटलीत आंबतच राहते.

आमच्या शेजारी आर्मेनियातील ग्युम्री शहराच्या एक आजी राहतात, सगळे त्यांना ‘तातिक’ म्हणतात. तिसऱ्या खेपेची बियर मी त्यांच्याकडे भांड्यासकट नेली. त्यांनी तरंगणारा कोंडा पाहिला, नळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “जान, कोंबड्यांचे खाणे माझ्याकडे कशाला आणलेस?” तरीही दोन घोट घेतले, थोडे पाणी ओतायला सांगितले, आणि पुन्हा नळी उचलली. उरलेला चोथा त्यांनीच ठेवून घेतला. चाळणीने जाड साल काढून, निम्मे गव्हाचे पीठ मिसळून त्यांनी त्याच्या रोट्या केल्या. मी पुढच्या वेळी तोच चोथा कांदा, तिखट आणि भाजणी घालून थालीपिठात थापला. साल नीट काढली नाही तर ती दातांत अडकते, म्हणून चोथा ओला असतानाच जाड चाळणीवर पाण्याखाली चोळून घ्यावा.